डावीकडची जागा

“मग कागदावर कोणी लिहिलं?” हिरेमठ साहेबांनी विचारलं.

समोर पोरं बसली होती म्हणून त्यांनी आवाज खाली ठेवला होता, आणि त्यामुळेच तो प्रश्न जास्त लागला. त्यांच्या एका हातात तिसरीच्या उत्तरपत्रिका होत्या आणि दुसऱ्या हातात टॅब. ऐकलेली संख्या अंकांत लिहायची, एवढीच परीक्षा. कागदावर जवळजवळ सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण होते. टॅबवर त्याच पोरांनी त्याच संख्यांचा पार बोजवारा उडवला होता. कागदावर वाघ आणि टॅबवर शेळी, असा प्रकार. साहेब आमचे केंद्रप्रमुख, आसपासच्या सगळ्या शाळांवर त्यांची देखरेख. प्रश्न मला नव्हता, बाबर गुरुजींना होता.

“पोरांनीच लिहिलं, साहेब,” गुरुजी म्हणाले.

“मग टॅबवर का येत नाही त्यांना?”

मी मध्येच म्हटलं की पोरांच्या हाताला टॅबची सवय नाही. साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, “मॅडम, नाचता येईना अंगण वाकडं. आकडेच दाबायचे आहेत, विमान चालवायचं नाही.”

ही गोष्ट जत तालुक्यातल्या खरातवस्तीची. माळरान, माळावर पवनचक्क्या, त्यांच्या खाली मेंढरं आणि मेंढरांच्या मानाने थोडी माणसं. जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा, पहिली ते चौथी, शिक्षक दोन. गणित गुरुजींकडे, भाषा आणि बाकीचं माझ्याकडे. मी कोल्हापूरची. पहिली नेमणूक इथे मिळाली तेव्हा वर्षभरात बदली करून घेईन अशी घरच्यांना खात्री दिली होती. निवृत्ती बाबर गुरुजी मात्र नोकरीची अख्खी हयात या माळावर काढून मे महिन्यात निवृत्त होणार होते. त्यांच्या आईवडिलांना नाव ठेवतानाच सगळं ठाऊक होतं, असं ते स्वतःच म्हणायचे.

टॅब कुठल्याशा देणगीतून आले होते. कानाला हेडफोन लावायचा, आतून एक बाई गोड आवाजात “अठ्ठेचाळीस” म्हणायच्या, आणि पोरांनी खालच्या आकड्यांवर बोट दाबायचं. दुसरा आकडा दाबला की उत्तर आपोआप जायचं. बरोबर असेल तर हिरवी खूण, चूक असेल तर तांबडी. पोराने नेमकं काय दाबलं, हे टॅब कोणाला सांगत नसे. निकालातही फक्त हिरव्या-तांबड्या खुणा.

साहेबांचा हिशोब सरळ होता. टॅब खोटं बोलत नाही, म्हणजे कागद खोटं बोलतो. कागदावरची परीक्षा गुरुजींनी घेतली होती. म्हणजे गुरुजींनी पोरांना उत्तरं सांगितली, किंवा स्वतःच्या हाताने लिहिली. लेखी खुलासा द्या, असं सांगून ते उठले.

मी त्यांच्या मागे मोटरसायकलपर्यंत गेले आणि म्हटलं, “साहेब, यावर मी कृतिसंशोधन करते. तोवर खुलासा थांबवा.”

साहेब हसले, आणि त्यांचं हसणं मला समजण्यासारखं होतं. आपल्याच वर्गातली एक अडचण घ्यायची, कारण काय असेल याचा अंदाज करायचा, काहीतरी करून बघायचं, नाही जमलं तर बदलून पुन्हा करायचं, याला कृतिसंशोधन म्हणतात. निदान पुस्तकात म्हणतात. आमच्या भागात कृतिसंशोधन म्हणजे एक अहवाल. तो या शाळेतून त्या शाळेत फिरायचा आणि प्रत्येक ठिकाणी त्याला नवं कव्हर लागायचं. घाईत एखाद्याने आत जुन्या शाळेचं नाव तसंच ठेवलेलं असायचं.

“करा,” साहेब म्हणाले. “पण खरोखर करा. परीक्षा घ्यायला मी महिनाअखेरीस परत येतो.”

मी आत आले तर गुरुजी खडूचे तुकडे डब्यात गोळा करत होते. मला म्हणाले, बाई, तुम्ही या भानगडीत पडू नका. मी लिहून देतो, माझ्याकडून चूक झाली, पोरांना उत्तरं सांगितली म्हणून.

“पण तुम्ही सांगितली नाहीत.”

“चौकशी लागली की पेन्शनची फाईल अडते. मला आता भांडत बसायचं नाही. घरी जायचंय.”

मला त्यांचा राग आला. एवढ्या वर्षांच्या इभ्रतीला माणूस असं एका ओळीत काळं फासून घेतो कसा? मी तसं बोलूनही दाखवलं. ते फक्त म्हणाले की इभ्रत काय, वस्तीला ठाऊक आहे. पण सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला ते म्हातारे वाटले.

माझा पहिला अंदाज होता, भीती. पोरं टॅबला घाबरतात. म्हणून मी टॅब त्यांना नुसते खेळायला दिले. पोरांनी त्यावर मेंढरांची चित्रं काढली, एका कोकराचे इतके फोटो काढले की टॅबमध्ये जागा उरली नाही, आणि भीती असलीच तर ती टॅबलाच बसली असेल. परीक्षा घेतली. तांबड्या खुणा तशाच.

दुसरा अंदाज, आवाज. आतल्या बाई शहरी, त्यांचं बोलणं पोरांना कळत नसेल. मग मी हेडफोन काढून ठेवले आणि संख्या स्वतः सांगितल्या, नंतर गुरुजींना सांगायला लावल्या. काही फरक नाही. गुरुजी म्हणाले, “टॅबला लिंबू-मिरची बांधून बघा.” आमच्या शाळेत त्या दिवसांत एवढाच विनोद शिल्लक राहिला होता.

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. चूक कशीही, कुठेही होत नव्हती. तीस, चाळीस बरोबर यायचे. चव्वेचाळीस यायचे, पंचावन्न यायचे. पण छप्पन्न यायचे नाहीत. ज्याला पंचावन्न येतं त्याला छप्पन्न का येऊ नये? जवळ बसून बघावं तर पोरं लाजून बोट मागे घ्यायची किंवा माझ्याच तोंडाकडे बघत बसायची.

मग मी माझा मोबाईल पाण्याच्या कळशीला टेकवून ठेवला आणि व्हिडिओ सुरू करून बाजूला झाले. आधी पोरांच्या चेहऱ्यांवर लावला. त्यात मला मायाक्का दिसली. मायाक्का खरात म्हणजे आमच्या तिसरीची हुशार पोरगी, दोन वेण्या, बोलायला फटकळ. संख्या ऐकली की तिचा चेहरा उजळायचा, बोट न अडखळता चालायचं, आणि तांबडी खूण आली की तिला तोंडात मारल्यासारखं व्हायचं. येत नसलेल्या पोराचा चेहरा असा नसतो. हिला येत होतं, आणि तरीही चुकत होतं.

दुसऱ्या दिवशी मी मोबाईल हातांवर लावला. टॅबवरचे हात घ्यायचेच होते. ताडून बघायला असावेत म्हणून कागदावर लिहिणारे हातही घेतले. गुरुजी संख्या सांगत होते, पोरं लिहीत होती. मधल्या सुट्टीत पोरं खिचडी खायला गेली तेव्हा मी रिकाम्या वर्गात बसून तो व्हिडिओ बघायला घेतला.

गुरुजींचा आवाज आला, “सदतीस.” मायाक्काचा हात कागदावर आला, एका बोटाएवढी जागा सोडून थोडा पुढे टेकला, आणि तिने सात लिहिला. मग हात मागे आला आणि सोडलेल्या जागेत तिने तीन लिहिला. कागदावर सदतीस. हे सगळं इतक्या झटक्यात झालं की मला वाटलं, मी चुकीचं पाहिलं. मी मागे नेऊन पुन्हा लावलं. सात उजवीकडे, मग डावीकडे तीन. पुढची संख्या, अठ्ठेचाळीस. आठ उजवीकडे, मग चार डावीकडे. मी दुसऱ्या पोराचा हात बघितला, मग तिसऱ्याचा. सगळा वर्ग तसाच. सगळे हात आधी पुढे जायचे, जागा सोडायचे, आणि परत येऊन ती भरायचे.

खोटं सांगत नाही, मी मोबाईल खाली ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन नुसती बसून राहिले.

सदतीस. सात आणि तीस. अठ्ठेचाळीस. आठ आणि चाळीस. जन्मभर मी हे शब्द बोलत आले होते आणि एकदाही ते मला ऐकू आले नव्हते. आपण संख्या बोलतो उजवीकडून आणि लिहितो डावीकडून. मोठं माणूस सबंध शब्द ऐकतं, मनात तो उलटा करतं आणि मग लिहितं, आणि आपण असं काही करतो हे त्याच्या गावीही नसतं. या पोरांनी उलटंपालटं काही केलंच नव्हतं. कानाला जे आधी आलं ते त्यांनी आधी लिहिलं होतं, फक्त ते त्याच्या जागेवर लिहिलं होतं. ज्याचं नाव अजून आलेलं नाही त्याच्यासाठी डावीकडची जागा राखून ठेवली होती. मुंग्यांची रांग बघताना जसं वाटतं तसं मला त्या हातांकडे बघताना वाटलं. एवढं शहाणपण माझ्या नाकासमोर चाललं होतं, आणि लिहून झालेल्या कागदावर त्याचा मागमूस नव्हता.

मी मायाक्काला हाक मारली. ती हात धुऊन आली. मी विचारलं, “सदतीस लिहिताना आधी सात का लिहितेस?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की बाईंना आज काय झालंय.

“आदी सातच म्हंत्यात की,” ती म्हणाली.

“आणि एकोणतीस?”

“एकोण आलं की नऊ ठिवायचा. मग त्येच्या म्हागं दोन.”

मी गुरुजींना बोलावून व्हिडिओ दाखवला. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. मी विचारलं, ही युक्ती तुम्ही शिकवलीत? ते म्हणाले, छे. मी द आणि ए अशी दोन घरं काढतो, दशकाचं आणि एककाचं. आधी कुठलं भरायचं, हे मी कधी सांगितलेलं नाही. मला त्यांचं म्हणणं खरं वाटलं. तरी मला राहवेना. सुट्टीनंतरच्या तासाला ते फळ्यावर उदाहरणं लिहीत होते तेव्हा मी मोबाईल खिडकीत ठेवला.

शाळा सुटल्यावर मी त्यांना त्यांचाच हात दाखवला. ते स्वतःशी “त्रेसष्ट” पुटपुटत होते. खडू फळ्यावर थोडा पुढे टेकला, तीन उमटला, हात मागे आला, सहा उमटला.

गुरुजींनी उजवा हात चेहऱ्यासमोर धरला आणि दुसऱ्याचा असावा तसा उलटसुलट करून पाहिला.

“हा कदम मास्तरांचा हात आहे,” ते म्हणाले. “आमच्या गावाकडचे. मी दुसरीत होतो. ते असेच थोडं पुढे जाऊन मागे यायचे. लोक म्हणायचे, मास्तरांच्या हाताला झटका येतो.”

कदम मास्तर कधीच वारले होते. त्यांनी गुरुजींना हे सांगितलं नव्हतं, गुरुजींनी पोरांना सांगितलं नव्हतं. सांगितल्याशिवायच एका हातातून दुसऱ्या हातात आलं होतं, आणि कदम मास्तरांच्या हातात तरी ते कुठून आलं असेल? आम्ही दोघं त्या रिकाम्या वर्गात देवळात बसावं तसे बसलो होतो. बाहेर पवनचक्कीचं पातं फिरल्याचा आवाज येत होता.

टॅबचं कोडं आता उघड होतं. पोरं तिथेही सात आधी दाबत होती आणि तीन नंतर, आणि टॅब त्याचे त्र्याहत्तर करत होता. पंचावन्नला दोन्ही पाच, तिथे काही बिघडत नव्हतं. मी पोरांना सांगून पाहिलं की नंतर ऐकू येणारा आकडा आधी दाबा. त्याने गोंधळ आणखी वाढला, येत होतं तेही चुकायला लागलं. वाट शेवटी मायाक्कानेच काढली. ती संख्या ऐकून आधी मांडीवर बोटाने लिहायची, तिच्या नेहमीच्या रीतीने, जागा सोडून. मग मांडीवरचं वाचून टॅबवर दाबायची. हिरवी खूण. पुन्हा हिरवी खूण. दोन दिवसांत सगळा वर्ग मांड्यांवर लिहायला लागला.

एवढं होऊनही गुरुजींनी खुलासा लिहून खिशात ठेवलाच होता. साहेबांना पटलं नाही तर देऊन टाकीन, म्हणाले.

महिनाअखेरीस साहेब आले. टॅब वाटले, स्वतः दारात उभे राहिले. परीक्षा सुरू झाली आणि सगळ्या वर्गाचे हात टॅबखाली मांड्यांवर हलायला लागले. साहेबांचा चेहरा कडक झाला. ते पुढे आले आणि मायाक्काचं मनगट धरून म्हणाले, “या खुणा कुणी शिकवल्या?”

गुरुजींचा हात खिशाकडे गेला. मी काही बोलणार होते, पण साहेबांनी मला हाताने थांबवलं. त्यांना पोरीकडूनच ऐकायचं होतं.

“खुना न्हाईत,” मायाक्का म्हणाली. “लिवतोय.”

“टॅब दिलाय ना? त्याच्यावर लिही.”

“ह्येच्यात जागा सोडता येत न्हाय.”

साहेबांना काही कळलं नाही. तेव्हा मी मोबाईल पुढे केला. मायाक्काचा हात, सदतीस. सात, मग जागेत तीन. मी त्यांना काहीच समजावून सांगितलं नाही. त्यांनी एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि पुटपुटले, “मूवत्तेळु.”

मला वाटलं, ते रागाने काही बोलले.

“कन्नडमध्ये सदतीसला म्हणतात,” ते म्हणाले. “मूवत्तु म्हणजे तीस, एळु म्हणजे सात. आमच्यात तीस आधी येतो बघा. मी कन्नड शाळेतला. बोलतो मराठी, पण आकडे अजून कन्नडमध्येच मोजतो.” ते थांबले. “म्हणून मला हे कधी दिसलंच नाही.”

मग त्यांनी एक केलं, जे मी कुठल्याही साहेबाला करताना त्याआधी पाहिलं नव्हतं. ते पोरांमध्ये खाली बसकरावर मांडी घालून बसले, मायाक्काची पाटी घेतली आणि म्हणाले, सांग एखादी संख्या. तिने एकाहत्तर सांगितली. साहेबांनी सात लिहिला, मग एक. मायाक्का शेजारणीच्या कानात बोलली, पण सगळ्यांना ऐकू आलं.

“सायब उलटं लिवत्यात.”

गुरुजी घाबरले. साहेब मात्र हसता हसता थांबेनात. हसून झाल्यावर त्यांनी पुन्हा मोबाईल मागितला आणि सगळ्या पोरांचे हात एकेक करून पाहिले, पार शेवटच्या, फळ्यावरच्या गुरुजींच्या हातापर्यंत. निघताना गुरुजींनी खिशातला कागद काढला. साहेब म्हणाले, “तो ठेवा. मला तुमच्या हाताचा व्हिडिओ पाठवा. केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांना दाखवायचा आहे.” गुरुजींनी तो कागद माझ्यादेखत चुलीत घातला, आणि त्या दिवशीची खिचडी त्यावर शिजली.

मे महिन्यात सुट्टी असते, म्हणून गुरुजींचा निरोप आम्ही वार्षिक परीक्षेनंतर लगेच केला. वस्तीने घोंगडं आणि फेटा दिला. साहेब आले होते. भाषण करताना त्यांनी विचारलं, गुरुजी, एकूण सेवा किती वर्षं झाली?

गुरुजींनी हाताने खूण केली की लिहितो, आणि फळ्याकडे वळले. खडू सवयीने थोडा पुढे टेकला. सात उमटला. मग त्यांचा हात मागे यायला निघाला आणि अर्ध्यातच थांबला. त्यांनी कपाळ फळ्याला टेकवलं. फेट्याचा शेमला पाठीवर हलत होता, त्यावरून कळत होतं की ते रडत आहेत.

फळ्यावर एकटा सात होता आणि त्याच्या डावीकडे बोटभर मोकळी जागा. सबंध वर्ग त्या जागेकडे बघत होता. त्यांच्याच घरचं कोणीतरी यायचं राहिलंय, अशा नजरेने. तिथे काय येणार ते गुरुजींनी अजून सांगितलं नव्हतं, पण निरोपाच्या तयारीत वर्षं मोजून झाली होती, वस्तीवरच्या प्रत्येक पोराला ते ठाऊक होतं. बाजूला उभे असलेले साहेबही ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत होते.

मायाक्का उठली. तिने गुरुजींच्या बोटांतून खडू हलकेच काढून घेतला, टाचा उंचावल्या, आणि त्या जागेत तीन लिहिला.